दहा दिवसांचा उद्योजकता वर्ग: सोलापूरच्या धंद्याला तो कुठं पुरतो, कुठं अपुरा पडतो

कर्जाच्या फाईलला जोडायचं एक प्रमाणपत्र, एवढ्याच नजरेनं उद्योजकता विकास प्रशिक्षणाकडं बघणारे सोलापुरात पुष्कळ आहेत. बँक मागते म्हणून दहा दिवस बसायचं, चहा प्यायचा, सही करायची. या वर्गाचं मोल त्याहून जास्त आहे. पण ते मोल वसूल करायचं तर वर्गात काय चांगलं शिकवतात, काय घाईत उरकतात आणि काय अजिबात येत नाही हे आधी माहीत असायला हवं. म्हणून हे परीक्षण.

मत आधीच सांगतो. वर्ग जरूर करा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस उत्तम असतात आणि मधले योजना-नोंदण्यांचे दिवस ठीक. पैशाच्या फिरण्याचा भाग मात्र सगळ्यात कमी वेळात संपवला जातो, आणि सोलापूरचा धंदा नेमका तिथंच बसतो किंवा तरतो.

हे प्रशिक्षण बहुतेकांना सरकारी कर्ज-अनुदान योजनांसाठी लागतं. त्यातला पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ साली सुरू झाला. २०२२ साली सुधारलेल्या नियमांनुसार त्यात उत्पादन उद्योगासाठी ५० लाख आणि सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. प्रकल्प २ लाखांपर्यंतचा असेल तर प्रशिक्षणाची सक्ती नाही, ५ लाखांपर्यंत पाच दिवसांचं आणि त्यावर दहा दिवसांचं प्रशिक्षण लागतं. राज्य सरकारच्या २०१९ पासूनच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातही प्रशिक्षण आहेच. ऑनलाइन वर्गाची सोय आहे, पण जमत असेल तर प्रत्यक्ष वर्गच घ्या. कारण पहिल्या दिवसांत जे होतं ते पडद्यावर होऊच शकत नाही.

ते म्हणजे खेळ. कडी खुंटीवर टाकायचा खेळ जवळपास प्रत्येक वर्गात असतो. किती अंतरावरून कडी टाकायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जवळून टाकली तर गुण कमी, लांबून टाकली तर जास्त. कुणी अगदी खुंटीपाशी उभं राहतं, कुणी भिंतीला पाठ लावून नशिबावर कडी फेकतं. पहिल्या फेरीत आपला नेम कसा आहे ते बघून दुसऱ्या फेरीत अंतर बदलणारे थोडेच असतात, आणि खेळ त्यांनाच शोधण्यासाठी आहे. दुसरा खेळ मनोऱ्याचा. एकाच्या डोळ्यांवर पट्टी, त्यानं डाव्या हातानं ठोकळे रचायचे आणि दोघांनी तोंडी सूचना द्यायच्या. रचण्याआधी किती ठोकळे चढवणार ते तिघांनी मिळून सांगायचं. तिसरा कागदी होड्यांचा: कागद विकत घ्यायचा, ठरलेल्या वेळेत होड्या करायच्या, तपासणीत पास झालेल्या तेवढ्याच विकायच्या.

या खेळांमागं गंभीर विचार आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९६४ साली आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापारी-उद्योजकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत आणून त्यांच्यातली यशाची आस वाढवता येते का, हे तपासलं होतं. १९७० च्या सुमाराला गुजरातमधल्या सरकारी महामंडळांनी त्याला प्रकल्प अहवाल, बँक, बाजारपाहणी यांची जोड देऊन नवउद्योजकांसाठी वर्ग सुरू केले. १९८३ साली अहमदाबादेत त्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची संस्था उभी राहिली, १९८८ साली महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आलं. उद्योजक जन्मावा लागतो, अमुक जातीत-घराण्यात असावा लागतो, ही समजूत या वर्गांनी मोडायला घेतली. यंत्रमाग आणि विडीच्या मजुरीवर पिढ्या गेलेल्या शहरात ही गोष्ट फार मोठी आहे.

खेळ वाया जातो तो नंतरच्या चर्चेअभावी. हशा-टाळ्या झाल्या की पुढचं व्याख्यान सुरू. असं होत असेल तर आपणच वहीत चार आकडे लिहा: पहिल्या फेरीचा अंदाज, प्रत्यक्ष, दुसऱ्या फेरीचा अंदाज, प्रत्यक्ष. होड्यांच्या खेळात किती कागद उरला आणि किती होड्या नापास झाल्या तेही लिहा. स्वतःचा अंदाज किती फुगतो किंवा किती दबतो हे इथं फुकट कळतं. पुढं शिलाई मशीन किती घ्यायची हे ठरवताना हाच फुगवटा लाखात जातो.

मधले दिवस योजना, परवाने आणि नोंदण्यांचे. माहिती बरोबर असते, पण सगळ्यांना सारखीच दिली जाते, त्यामुळं आपल्या धंद्याला काय लागू ते आपणच विचारून घ्यावं लागतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगाची सरकारदरबारी नोंद, १ जुलै २०२० पासून सरकारी संकेतस्थळावर पूर्णपणे मोफत आहे. आधार आणि पॅन हाताशी असलं की मोबाईलवर होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. जीएसटीचं गणित जास्त फसवं आहे. माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहतं. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला तर ही सूट उरत नाही, पहिल्या बिलापासून नोंदणी लागते. सोलापूरहून विजयपूर आणि कलबुर्गी पुण्याहून कितीतरी जवळ, आणि इथं शिवलेले शाळेचे गणवेश कर्नाटक-तेलंगणात सर्रास जातात. तेव्हा कर्नाटकातल्या शाळेची किंवा दुकानाची ऑर्डर घ्यायची असेल तर नोंदणी आधी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के दर आहे, त्यामुळं शाळेचा गणवेश जवळपास सगळाच त्यात बसतो.

अनुदानाचा तास सगळे कान देऊन ऐकतात आणि तरी गैरसमज घेऊनच उठतात. उदाहरण मांडू. २० लाखांचा प्रकल्प, अर्जदार महिला, जागा महापालिकेच्या हद्दीत. स्वतःचे ५ टक्के म्हणजे १ लाख, अनुदान २५ टक्के म्हणजे ५ लाख. हीच महिला ग्रामपंचायतीच्या हद्दीत गेली तर अनुदान ३५ टक्के, म्हणजे ७ लाख. खुल्या प्रवर्गातल्या पुरुषाला स्वतःचे १० टक्के घालावे लागतात आणि अनुदान शहरात १५, ग्रामीण भागात २५ टक्के. इथवर सगळ्यांना समजतं. निसटतं ते पुढचं. अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षांच्या ठेवीत बसतं, त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी प्रत्यक्ष पडताळणी होते, मग ते कर्जात वळतं होतं. म्हणजे पहिली तीन वर्षं या पाच किंवा सात लाखांतून एक मीटर कापडही घेता येत नाही. ‘अनुदान आलं की देतो’ असं कापडवाल्याला सांगून उधार घेणारा पहिल्याच हंगामात अडकतो.

जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, भाडं धरता येतं. म्हणून जागेचा विचार अनुदानाच्या टक्क्यांवर थांबवू नये. शहराजवळच्या कुंभारी गावाच्या हद्दीत रे नगरची १५,००० घरं जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना मिळाली. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, शिलाई करणाऱ्या बायका तिथं राहायला गेल्या. तिथं शिलाईचं युनिट टाकलं तर कारागीर दाराशी आणि अनुदानही ग्रामीण दरानं. त्याच्या उलट कापड, काज-बटण, दुरुस्तीचा मेकॅनिक आणि कटिंग मास्टर शहरात, रोजची ने-आण वाढते. हा हिशेब वर्गात कुणी मांडून देत नाही. स्वतः मांडून प्रशिक्षकापुढं ठेवा, चर्चा चांगली रंगते.

आता खेळत्या भांडवलाकडं, म्हणजे कच्चा माल आणि मजुरीत फिरत राहणाऱ्या पैशाकडं येऊ, कारण या वर्गाचा सगळ्यात कच्चा भाग हाच. योजनेच्या नियमात प्रकल्प खर्च म्हणजे भांडवली खर्च अधिक खेळत्या भांडवलाचं एक चक्र. शब्द नीट वाचा: एक चक्र. एक महिना असं कुठंही म्हटलेलं नाही. पण प्रकल्प अहवालाचा जो ठरलेला नमुना सगळीकडं फिरतो, त्यात खेळतं भांडवल महिन्याच्या कच्च्या मालावर आणि महिन्याच्या मजुरीवर काढलेलं असतं. दुधाच्या डेअरीला ते चालेल. गणवेशाला चालत नाही.

गणवेशाचं चक्र असं फिरतं. कापड भिलवाडा, इचलकरंजी, भिवंडीकडून हिवाळ्यात भरायचं. जानेवारीपासून मेपर्यंत शिलाई. माल दुकानात आणि शाळेत एप्रिल ते जून. जूनच्या मध्यात शाळा भरल्या की आठ-दहा दिवस गर्दी, मग जुलैत उरलेल्या मुलांचे तुटक नंबर, म्हणजे मापं. वसुली त्यानंतर सुरू होते आणि दिवाळीपर्यंत रेंगाळते. कापडाला घातलेला रुपया परत हातात यायला सहा ते आठ महिने.

समजा महिन्याला ३,००० शर्ट शिवणारं युनिट आहे आणि एका शर्टाला कापड, साहित्य, मजुरी मिळून १७० रुपये लागतात. महिन्याच्या हिशेबानं खेळतं भांडवल ५ लाख १० हजार, अहवालात हाच आकडा येतो. प्रत्यक्षात मेअखेर १५,००० शर्ट शिवून झालेले असतात, म्हणजे साडेपंचवीस लाख. त्यातून सवलती वजा करू. कापडवाला ६० दिवस थांबतो असं धरलं तर शर्टाला १०० रुपये कापडाप्रमाणं दोन महिन्यांचे ६ लाख द्यायचे बाकी राहतात. शर्ट २१० रुपयांना ठरला आहे आणि गिऱ्हाईक २५ टक्के आगाऊ देतं असं धरलं तर जवळपास ८ लाख येतात. उरले साडेअकरा लाख. त्यात पाच महिन्यांचं भाडं, वीज आणि देखरेखीचा पगार दरमहा ४५ हजारांनी सव्वादोन लाख. एकूण पावणेचौदा लाख. अहवालात सव्वापाच लाखही नाहीत, गरज पावणेचौदाची. मधले साडेआठ लाख पतसंस्थेतून, भिशीतून किंवा खासगी सावकाराकडून चढ्या व्याजानं उभे राहतात, आणि गणवेशाचा सगळा नफा त्या व्याजात जातो. मशीन चांगली, शिलाई चांगली, ऑर्डरही भरपूर, तरी युनिट बंद पडतं ते यामुळं.

उपाय अर्ज भरण्याआधीच करायचा असतो. महिन्यांचा तक्ता काढा: बारा रकाने, वर येणारा पैसा, खाली जाणारा पैसा, शेवटी शिल्लक. ज्या महिन्यात शिल्लक सगळ्यात खोल जाते तोच आकडा खेळत्या भांडवलाचा. अहवाल बनवणाऱ्या सल्लागाराला हा तक्ता द्या आणि ‘चक्र किती महिन्यांचं धरलं’ असं स्पष्ट विचारा. कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँक जिथवर उचल देते ती रक्कम, हंगामानुसार कमी-जास्त करता येईल का, हे बँकेत मंजुरीच्या वेळीच बोलून घ्या. एवढा पैसा उभा राहणार नसेल तर मशीन कमी घ्या. पाच मशीन आणि पुरेसा पैसा असलेलं युनिट टिकतं, दहा मशीन आणि रिकामा हात असलेलं टिकत नाही. दुसरी वाट म्हणजे पहिलं वर्ष जॉबवर्क: कापड मोठ्या उत्पादकाचं, शिलाई आपली, पैसे नगावर. नफा कमी, पण भांडवल अडकत नाही आणि कारागिरांची घडी बसते. वर्गात जॉबवर्क म्हणजे पराधीनता असा सूर कधी कधी लागतो. आम्हांला तो पटत नाही.

दुसरा कच्चा भाग किमतीचा. ‘खर्च अधिक नफा म्हणजे विक्री किंमत’ असं फळ्यावर लिहिलं जातं आणि खर्चात कापड-मजुरीपलीकडचं काही येत नाही. वरचाच शर्ट घ्या. कापड १००, बटण-दोरा-कॅनव्हास १२, शिलाई ४०, कटिंग, काज-बटण, इस्त्री, पॅकिंग मिळून १८. झाले १७०. विक्री २१०. नगामागं ४० रुपये सुटतात असं वाटतं. आता वहीत न आलेलं लिहू. कटिंगमध्ये वाया गेलेले आणि तपासणीत नापास झालेले ३ टक्के, म्हणजे ५ रुपये. भाडं-वीज-देखरेख ४५ हजार भागिले ३,००० शर्ट, म्हणजे १५. मालकाचा स्वतःचा पगार महिना २५ हजार धरला तर ८. सहा महिने पैसा अडकला, वर्षाला १२ टक्क्यांनी त्याचं व्याज १२. हंगाम संपल्यावर पडून राहणारे नंबर ५ टक्के, म्हणजे १०. बेरीज ५०. खरा खर्च २२० आणि विक्री २१०. प्रत्येक शर्टामागं १० रुपयांचा तोटा. युनिटमध्ये गर्दी असते, फोन थांबत नाही, म्हणून तो वर्षभर दिसतच नाही.

पडून राहणाऱ्या नंबरांचं वेगळं सांगायला हवं. शाळेकडून फक्त एकूण संख्या घेऊन शिवायला बसलं की मधले नंबर कमी पडतात आणि टोकाचे उरतात. शाळेचा रंग-पट्टा ठरलेला, त्यामुळं उरलेला माल दुसरीकडं खपत नाही. वर्गवार पटसंख्या घ्या, गेल्या वर्षीच्या विक्रीतले नंबर दुकानदाराकडून मागा, आणि पहिल्यांदा ८० टक्केच शिवा. उरलेल्या २० टक्क्यांचं कापड न कापता ठेवा, जूनच्या पहिल्या आठवड्यातली मागणी बघून कापा.

खाद्यपदार्थांत नुकसानीची जागा बदलते. कडक भाकरीचं बघा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, शेंगाचटणीसोबत कडक भाकरी पुण्या-मुंबईला जाते, आणि या धंद्यात बायकांची संख्या मोठी आहे. इथं उधारीपेक्षा तूट आणि ओल जास्त खाते. किलोभर पिठात किती भाकरी होतात, त्यातल्या किती तव्यावरच वाकड्या होतात, पॅकिंगमध्ये किती फुटतात आणि एसटीच्या पार्सलात किती, हे चार आकडे वेगळे मोजावे लागतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की पिशवी नीट बंद नसलेली भाकरी मऊ पडते, चव उतरते आणि दुकानदार माल परत करतो. म्हणून जाड पिशवी, उष्णतेनं केलेलं सील आणि पुठ्ठ्याचा खोका यांचा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरायचा. या सगळ्याला वर्गात ‘पॅकेजिंगचं महत्त्व’ एवढ्या मथळ्याखाली अर्धा तास मिळतो.

उधारीबद्दल कायदा शिकवतात, आणि तो माहीत असावाच. २००६ च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तरी ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही बदल झाला, अशी थकवलेली रक्कम दुकानदाराला ती चुकती करेपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळं बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा आणि माल पोचवल्याच्या चलनावर घेणाऱ्याची सही घ्या. पण सोलापूरच्या बाजारात, नव्या पेठेतला कुणीही कायमच्या गिऱ्हाइकावर तक्रार गुदरायला जात नाही, हेही तितकंच खरं. तेव्हा उधारीची शिस्त आधीच लावावी लागते. प्रत्येक दुकानाची एक मर्यादा ठरवा, मागची बाकी निम्म्याहून जास्त असेल तर नवा माल रोखीनं. एका गिऱ्हाइकाकडं एकूण विक्रीच्या चौथाईपेक्षा जास्त जाऊ देऊ नका. नकार कसा द्यायचा, म्हणजे संबंध न तोडता ‘आधीची बाकी द्या, गाडी लगेच भरतो’ हे कसं म्हणायचं, याचा सराव वर्गात दोघांना समोरासमोर बसवून करून घेता येईल. एक तास पुरे. आम्ही अभ्यासक्रमात एकच बदल करू शकलो असतो तर हाच केला असता.

नेतृत्वाचा तास सगळ्यात निराश करतो. तिथं नेतृत्व म्हणजे व्यासपीठावर धीटपणे बोलणं, मोठी स्वप्नं बघणं, आणि देशातल्या अब्जाधीशांच्या गोष्टी. दहा मशीनच्या खोलीत नेतृत्व लागतं ते वेगळ्या प्रसंगी. मे महिन्यात, ऑर्डर डोक्यावर असताना, शेजारचा युनिटवाला नगाला दोन रुपये जास्त देऊन चार कारागीर नेतो तेव्हा. उचल घेतलेला कारागीर येईनासा होतो तेव्हा. कॉलर वाकडी लागलेले साठ शर्ट परत येतात आणि ते कुणी उसवायचे हा प्रश्न उभा राहतो तेव्हा.

यांची उत्तरं अनुभवी युनिटवाल्यांकडं आहेत आणि ती शिकवण्यासारखी आहेत. आठवड्याचा हिशेब ठरलेल्या दिवशीच चुकता करायचा, गिऱ्हाइकाचा पैसा आला नसला तरी. हंगाम संपेपर्यंत टिकणाऱ्याला नगामागं वेगळा बोनस, आणि तो जानेवारीतच जाहीर करायचा. उचल एका हंगामात फिटेल एवढीच, लिहून, दर आठवड्याला ठरलेली कपात. नापास नगाची जबाबदारी आधी ठरवायची: कटिंगची चूक मालकाची, शिलाईची चूक दुरुस्तीचा वेळ देऊन कारागिराची, पण मजुरी कापायची नाही. आणि कटिंग मास्टर एकच असेल तर पहिल्याच वर्षी दुसऱ्याला तयार करायचं. तो आजारी पडला की सगळी खोली थांबते.

मोठ्या नेतृत्वाची उदाहरणंही लांबून आणायची गरज नाही. रसायनं बनवणारी बालाजी अमाईन्स १९८८ ची, गाड्यांच्या इंजिनाचे भाग बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ ची, दोन्ही सोलापूरच्या मातीतल्या. त्याहून जवळचं उदाहरण इथल्या तयार कपड्यांच्या उत्पादकांचं. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या लोकांनी संघटना करून गणवेशांचं प्रदर्शन भरवलं, शहराबाहेरही नेलं आणि देशभरचे खरेदीदार एका छताखाली आणले. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पानिपतच्या स्वस्त मालापुढं चादर मागं पडत गेली. नाव जपणं आणि बाजार सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे या दोन उदाहरणांतून एका तासात समजावता येतं.

बँकेनं चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा वर्ग आम्हांला एकूण सरस वाटतो. १९८२ साली कर्नाटकातल्या उजिरे इथं धर्मस्थळच्या ट्रस्टनं आणि दोन बँकांनी मिळून सुरू केलेल्या प्रयोगावरून त्या देशभर निघाल्या. निवासी, राहणं-जेवणासह मोफत, शिवण-दुग्धव्यवसाय-दुरुस्ती असं हाताचं कौशल्य आणि उद्योजकता एकत्र, आणि वर्ग संपल्यावर दोन वर्षं पाठपुरावा. ग्रामीण तरुणांनी आधी याची चौकशी करावी. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेत, म्हणजे बँक ऑफ इंडियात, माहिती मिळते.

महाविद्यालयांतला उद्योजकतेचा पेपर मात्र अजून ‘उद्योजकाचे गुण लिहा’ या प्रश्नापाशीच आहे. संक्रांतीला होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, लाखो गिऱ्हाईक स्वतःहून येतं. चार-चार मुलांच्या गटाला पाच हजारांचं भांडवल देऊन तिथं स्टॉल लावायला लावा आणि गुण रोजच्या हिशेबवहीवर द्या. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला नोकरीसाठी जाणाऱ्या मुलांपैकी काहींना तरी इथला बाजार हाताळून बघता येईल.

भाषेचंही बोलायला हवं. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, शहरात कन्नड आणि दखनीही आहे. शिकवणं मराठीत, टिपणं इंग्रजीत, आणि मार्जिन मनी, मोरॅटोरियम, ब्रेक-इव्हन हे शब्द तसेच. शिवणाऱ्या बाईला हिशेब उत्तम येतो, शब्द अडवतात. प्रशिक्षकानं ‘किती शर्ट विकले की भाडं-पगार निघतो’ असं विचारलं तर ती तिथल्या तिथं सांगते.

वर्गाला जाताना तीन कागद न्या: मशीनची निदान दोन कोटेशन, एका नगाचा पूर्ण खर्च आणि बारा महिन्यांचा पैशाचा तक्ता. कच्चे असले तरी चालतील, प्रशिक्षकाकडून ते दुरुस्त करून घेणं हाच वर्गाचा खरा उपयोग. प्रमाणपत्राशिवाय अनुदानाचा दावा पुढं सरकत नाही, म्हणून कर्ज मंजूर होताच तारीख घ्या. हंगामाच्या तोंडावर दहा दिवस काढणं जड जातं. नंतरची तीन वर्षं युनिटवर योजनेचा फलक लावलेला ठेवा, मशीनच्या बिलावरचे क्रमांक आणि मशीनवरचे क्रमांक जुळतात का ते बघा, कॅश क्रेडिट खातं पडून राहू देऊ नका. मशीन बदलायची किंवा जागा हलवायची वेळ आली तर आधी बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. पडताळणीला आलेल्या माणसाला जागेवर युनिट दिसलं नाही तर ठेवीतलं अनुदान अडकतं.